मेंदूतलं उलट्या आट्याचं सेरीन

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, सोबत भाचीही होती. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलेला, आळीतल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, आत खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या. भाची मात्र ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेली. दुपारी रस-पोळीचं जेवण झालं, घरातले सगळे आडवे झाले, तशी ती माझ्याजवळ आली आणि मोबाइल पुढे धरून म्हणाली, "मामा, हाई पावडर दादाले चाली का?"

मोबाइलवर एका पांढऱ्या डब्याचा फोटो होता आणि डब्यावर नाव होतं डी-सेरीन.

तिच्या दादाला, म्हणजे माझ्या भाच्याला, चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. त्याआधीचं एक अख्खं वर्ष 'बाहेरचं' उतरवण्यात गेलं होतं. गोळ्या सुरू झाल्यावर त्याला ऐकू येणारे आवाज थांबले. पण पूर्वीचा तो परत आला नाही. शेतात जातो, सांगितलं तेवढं करतो, जेवतो आणि झोपतो. स्वतःहून बोलणं, हसणं, एखाद्या गोष्टीची ओढ वाटणं कुठे विरून गेलं ते कळत नाही. त्या पोरीला तेच परत हवं होतं. कुठेतरी तिने वाचलं की अशा रुग्णांच्या शरीरात डी-सेरीन कमी असतं. मग तिचा हिशेब सरळ होता, कमी आहे ना, मग घालू.

मी धुळ्याला कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. 'नको' म्हणणं एका शब्दाचं काम होतं, पण ज्याच्यासाठी माणूस रात्र रात्र मोबाइल चाळतो त्याचं उत्तर एका शब्दात देऊ नये. आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. तिला सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात सायकलपासून केली. सायकलचं पेडल ज्याने कधी बदललंय त्याला माहीत असतं की उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात आणि डाव्याचे उलटे. धातू तोच, जाडी तीच, आटेही तितकेच, फक्त फिरण्याची दिशा वेगळी. डावं पेडल उजव्या बाजूला बसवून पाहा, बसत नाही. रेणूंचंही असंच असतं. ज्या कणांचा एक रेणू बनतो, त्याच कणांचा, त्याच जोडणीचा, पण आरशातल्या प्रतिबिंबासारखा दुसरा रेणू बनू शकतो. अमिनो आम्लांपैकी ग्लायसिन सोडलं तर प्रथिनांत लागणारी बाकी सगळी अशी जोडीजोडीची आहेत. एका रूपाला एल म्हणतात, दुसऱ्याला डी. इथे मराठी माणसाची गफलत होते, आणि भाचीचीही झाली. डी म्हणजे डावा नव्हे. ही अक्षरं लॅटिनमधून आली. डेक्स्टर म्हणजे उजवा, लीव्हस म्हणजे डावा. म्हणून एल तो डावा आणि डी तो उजवा.

आपल्या शरीरातली प्रथिनं, मग ती डाळीची असोत, दुधाची असोत की आपल्या स्वतःच्या स्नायूंची, एल रूपाच्या अमिनो आम्लांची बनतात. पेशीतला प्रथिनं विणणारा कारखाना एकाच दिशेचे आटे ओळखतो. डी रूपं जीवाणूंच्या भिंतीत सापडतात हे पूर्वीपासून माहीत होतं, पण माणसासारख्या प्राण्याच्या शरीरात त्यांना काही काम असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

तरी एक कोडं होतं. १९३५ साली हान्स क्रेब्झ यांना मूत्रपिंडात एक एन्झाइम सापडलं. ज्यांच्या नावाचं चक्र अकरावी-बारावीची पोरं पाठ करतात तेच हे क्रेब्झ. एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. क्रेब्झ यांना सापडलेलं विकर फक्त डी रूपाची अमिनो आम्लं मोडत होतं, एल रूपाला हातही लावत नव्हतं. म्हणजे घरात उलट्या आट्याचा पाना टांगलेला, पण उलट्या आट्याचा नट कुठेच नाही. मग हा पाना ठेवला कुणासाठी? जवळपास सहा दशकं या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही.

उत्तर आलं जपानमधून. १९९२ साली हाशिमोतो, निशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत मोकळं डी-सेरीन दाखवून दिलं. तेही नावापुरतं नव्हतं. मेंदूच्या पुढच्या भागात ते एल-सेरीनच्या जवळपास एक तृतीयांशापर्यंत भरत होतं. शरीराच्या बाकी भागांत मात्र अगदी थोडं. मग हे मेंदूत येतं कुठून? बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत हर्मन वोलोस्कर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली उंदराच्या मेंदूतून ते बनवणारं एन्झाइम वेगळं काढलं आणि त्याचा जनुकही शोधला. ते एन्झाइम म्हणजे सेरीन रॅसिमेज, या लेखाचा खरा नायक.

या नावाचा मला फार लळा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. सेरीन हे अमिनो आम्ल १८६५ साली एमिल क्रेमर यांना रेशमात सापडलं. रेशमाच्या धाग्यावर सेरिसिन नावाचा चिकट थर असतो, उकळून तो काढल्याशिवाय रेशमाला झळाळी येत नाही. त्यातून मिळालं म्हणून सेरीन. लॅटिनमध्ये रेशमाला सेरिकम म्हणतात. रॅसिमेज शब्दाचं मूळ आहे रॅसिमस, म्हणजे द्राक्षाचा घड. वाइन बनवताना मिळणाऱ्या एका आम्लाला त्यावरून रॅसिमिक आम्ल म्हणत. १८४८ साली पंचविशीतल्या लुई पाश्चर यांनी त्याच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरून चिमट्याने निवडले, डाव्या वळणाचे एका ढिगात आणि उजव्या वळणाचे दुसऱ्या ढिगात. रेणूंना डावं-उजवं असतं हे जगाला पहिल्यांदा दिसलं ते तिथे. त्यावरूनच पुढे डाव्याचं उजवं करणाऱ्या एन्झाइमला रॅसिमेज हे कुळनाव पडलं. येवल्याची पैठणी आणि नाशिकची द्राक्षं दोन्ही आपल्याला शेजारची, त्यामुळे खानदेशी माणसाला हे नाव लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये. आणखी एक योगायोग सांगतो. उंदराच्या मेंदूत हे एन्झाइम मिळण्याच्या आदल्याच वर्षी, १९९८ साली, जपानी संशोधकांना ते रेशीमकिड्यात आढळलं होतं. ज्या किड्याच्या रेशमावरून सेरीनला नाव मिळालं, तोच किडा सेरीन उलटवतही होता.

आता हे उलटलेलं सेरीन मेंदूत करतं काय?

मेंदूत अब्जावधी चेतापेशी एकमेकींना निरोप देतात. दोन पेशींच्या मध्ये अतिशय बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, समोरच्या पेशीवरचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर नावाची प्रथिनं, ते धरतात. या ग्राहकांपैकी एकाचं नाव एनएमडीए ग्राहक. शिकणं, आठवण पक्की होणं, दोन पेशींमधली वाट मळत जाणं या सगळ्यात तो मधोमध आहे. तो उघडला की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि त्या कॅल्शियममुळे पेशी आपली जोडणी घट्ट करते.

हा ग्राहक मोठा खट आहे. नुसत्या ग्लुटामेटने तो उघडत नाही. हे भाचीला सांगताना विहिरीवरची मोटार उपयोगी पडली. रात्री बारं द्यायला शेतात गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं की स्टार्टरचं बटण दाबलं म्हणजे मोटार चालू झाली असं नाही. तिन्ही फेज आलेले पाहिजेत. एक फेज कमी असला तर सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटारीला उठूच देत नाही, तुम्ही बटण कितीही दाबा. एनएमडीए ग्राहकावर ग्लुटामेट म्हणजे ते बटण. फेजचं काम करणारी जागा वेगळी आहे आणि ती भरली नसेल तर बटण दाबून उपयोग नाही. १९८७ साली जॉन्सन आणि आशेर यांनी दाखवलं की ग्लायसिनमुळे या ग्राहकाचं काम कितीतरी वाढतं. पुढच्याच वर्षी हेही कळलं की ग्लायसिन नसेल तर तो जवळजवळ चालतच नाही. पुढे लक्षात आलं की मेंदूच्या बऱ्याच भागांत, विशेषतः पुढच्या भागात आणि आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये, त्या जागेवर बसणारा मुख्य पाहुणा ग्लायसिन नसून डी-सेरीन आहे.

याशिवाय तिसरी अट आहेच. ग्राहकाच्या नळीच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा कण बोळ्यासारखा अडकून बसलेला असतो. पेशी आधीच दुसऱ्या वाटेने थोडी चेतवली गेली असेल तरच तो बोळा सुटतो. बटण, फेज आणि बोळा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमल्या तरच कॅल्शियम आत येतं. इतका बंदोबस्त कशाला, असा प्रश्न भाचीने विचारला. त्याचं उत्तर पुढे येईलच.

आधी सेरीन रॅसिमेज हे काम कसं करतं ते पाहू. ते एल-सेरीनचा रेणू पकडतं आणि त्याच्या मधल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन एका बाजूने उपटतं. क्षणभर रेणू सपाट होतो. मग विरुद्ध बाजूने त्याच कार्बनवर हायड्रोजन बसवलं जातं. वळवाच्या वाऱ्यात छत्री उलटी होते ना, काड्या त्याच, कापड तेच, तसंच हे. माणसाच्या सेरीन रॅसिमेजमध्ये ३४० अमिनो आम्लांची साखळी असते. त्यातलं छप्पन्नाव्या जागेवरचं लायसिन एका बाजूने काम करतं आणि चौऱ्याऐंशीव्या जागेवरचं सेरीन दुसऱ्या बाजूने. म्हणजे सेरीन उलटवायला सेरीनच बसवलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आजही वर्गात सांगताना होतो.

पण या एन्झाइमला एकट्याने हे जमत नाही. ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेला एक साहाय्यक रेणू त्याच्या पोटात बसलेला असावा लागतो, मॅग्नेशियम लागतं, आणि पेशीचं ऊर्जेचं नाणं असलेलं एटीपी त्याला चिकटलं की ते वेगाने चालतं. एटीपी इथे खर्च होत नाही, फक्त चेतवतं. आणखी एक गोष्ट, जी पुढे आतड्याची गोष्ट सांगताना लागणार आहे. सेरीन रॅसिमेज दर वेळी सेरीन उलटवतंच असं नाही. पुष्कळदा ते सेरीनमधून पाणी काढून टाकतं आणि त्याचं पायरुव्हेट आणि अमोनिया करतं. खरं तर उलटवण्यापेक्षा हे मोडण्याचंच काम त्याच्या हातून जास्त होतं. डी-सेरीन फार साठू नये म्हणून ही सोय असावी असं काही संशोधक मानतात, आणि मलाही ते पटतं.

डी-सेरीनवर आणखीही लगाम आहेत. एनएमडीए ग्राहक जोरात चालू झाला की त्या पेशीत नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ते येऊन सेरीन रॅसिमेजला थोपवतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी वर आलं की बॉल-कॉक आपोआप नळ बंद करतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय क्रेब्झ यांचा तो उलट्या आट्याचा पाना, म्हणजे डी-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज, आता कुठे आपलं काम दाखवतो. तो डी-सेरीन मोडतो. प्रौढ माणसाच्या मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूत आणि मेंदूच्या देठात, तो भरपूर आहे, आणि तिथे डी-सेरीन अगदी कमी. पुढच्या भागात तो कमी आणि डी-सेरीन जास्त. साठ वर्षांचं कोडं असं सुटलं.

कच्चा माल येतो कुठून, हा पुढचा प्रश्न. पूर्वी वाटायचं की चेतापेशींच्या आजूबाजूला असलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, म्हणजे तारकापेशी, डी-सेरीन बनवतात. नंतर अधिक काटेकोर तपासण्या झाल्या आणि दिसलं की सेरीन रॅसिमेज मुख्यतः चेतापेशींमध्येच आहे. तारकापेशी साखरेपासून एल-सेरीन बनवून शेजारणीला पुरवतात आणि चेतापेशी ते उलटवते. हा पुरवठा किती महत्त्वाचा, ते काही दुर्मिळ आजारांत दिसतं. ज्या बाळांमध्ये सेरीन बनवणाऱ्या साखळीतलं एन्झाइम जन्मतःच कमकुवत असतं, त्यांचं डोकं लहान राहतं, आकड्या येतात, वाढ खुंटते. १९९६ मध्ये असा पहिला दोष वर्णिला गेला. अशा बाळांना तोंडाने एल-सेरीन दिलं की आकड्या कमी होतात. वेळेत ओळखलं तर फरक पडतो, म्हणून हा आजार बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात असायलाच हवा असं मला वाटतं.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे. स्किझोफ्रेनियाशी याचा संबंध जोडला कुणी?

१९५० च्या दशकात फेनसायक्लिडीन नावाचं भुलीचं औषध माणसांना देऊन पाहिलं जात होतं. शुद्धीवर येताना काही रुग्ण भ्रमिष्टासारखे वागत, काहींना भास होत, काही अगदी निर्विकार होऊन बसत. पुढे ते माणसांसाठी बंद झालं. त्याच कुळातलं केटामीन आजही शस्त्रक्रियांत भुलीसाठी वापरतात. ही दोन्ही औषधं एनएमडीए ग्राहकाची नळी बुजवतात. त्यांनी होणारी अवस्था स्किझोफ्रेनियाशी बरीच जुळते, आणि त्यात आवाज-भासांबरोबर ती निर्विकारताही असते. यावरून एक विचार पुढे आला की या आजारात काही ठिकाणी एनएमडीए ग्राहक पुरेसे चालत नसावेत. आजची बहुतेक औषधं डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या एका निरोप्या रसायनावर काम करतात. ती भास आणि संशय आवरतात, पण ओढ परत आणत नाहीत. माझ्या भाच्याचं नेमकं हेच झालं आहे. म्हणून एनएमडीएच्या वाटेने जाणाऱ्या संशोधकांकडे मी आशेनेच पाहतो.

पुरावे जमत गेले. २००३ साली जपानमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या रक्तात डी-सेरीन कमी आढळलं. २००९ साली सेरीन रॅसिमेजचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या मेंदूत डी-सेरीन फारच घटलं होतं, जोडण्या घट्ट होण्याची प्रक्रिया मंदावली होती, वागण्यातही थोडे बदल होते. पण ते उंदीर जगत होते, हिंडत-फिरत होते, आणि हे विसरू नये. २०१४ मध्ये हजारो रुग्णांच्या जनुकांची एक प्रचंड तपासणी झाली, तिच्यात आजाराशी नातं सांगणाऱ्या शंभराहून अधिक जागा सापडल्या. त्यातली एक सतराव्या गुणसूत्रावर, सेरीन रॅसिमेजच्या जनुकाजवळ आहे. शंभरातली एक. त्यामुळे 'या एन्झाइममुळे स्किझोफ्रेनिया होतो' असं कुणी म्हणालं तर ते खोटं समजावं.

मग डी-सेरीन देऊनही पाहिलं गेलं. १९९८ मध्ये तैवानी रुग्णांच्या एका लहान चाचणीत शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम डी-सेरीन नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला दिलं, आणि सहा आठवड्यांत फायदा दिसला. सगळ्यांच्या आशा वाढल्या. २०१२ मध्ये इस्रायलमध्ये १९५ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, रोज २ ग्रॅम, सोळा आठवडे. तिच्यात औषध नसलेल्या साध्या पावडरीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. दुसरी वाट अशी की डी-सेरीन बाहेरून देण्याऐवजी ते मोडणारा पानाच धरून ठेवायचा. लोणची आणि सरबतं टिकवायला वापरतात ते सोडियम बेन्झोएट त्या पान्याला अडवतं. २०१३ साली तैवानमध्ये ५२ रुग्णांना सहा आठवडे रोज १ ग्रॅम दिलं, निकाल चांगला आला. नंतर ऑस्ट्रेलियात आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर चाचणी झाली, तिथे फायदा दिसला नाही.

भाची इथे गप्प झाली. मग म्हणाली, "पण मामा, उपयोग झाला नाही तरी नुकसान तर नाही ना?"

हा प्रश्न तिने विचारला याचा मला फार आनंद झाला, कारण खरी मेख इथेच आहे आणि त्या डब्यावर ती लिहिलेली नव्हती. मूत्रपिंड रक्तातलं डी-सेरीन गाळून घेतं. उंदरांना ते भरपूर प्रमाणात दिलं की मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी मरतात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कारण तोच पाना. डी-सेरीन मोडताना तो हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो, म्हणजे जखमेवर टाकल्यावर फेसाळतं ते, आणि ते नळ्यांना भाजतं. माणसाचं मूत्रपिंड उंदराइतकं नाजूक नाही. पण जास्त मात्रेच्या एका चाचणीत, किलोमागे १२० मिलिग्रॅमवर, एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या बिघडल्या आणि औषध थांबवल्यावर पूर्ववत झाल्या. त्या चाचण्यांत डॉक्टर दर ठरावीक दिवसांनी रक्त-लघवी तपासत होते. ओट्यावर बसून मागवलेल्या डब्याबरोबर ती तपासणी येत नाही. त्यात डब्यात खरोखर किती आणि काय आहे, हे कोण मोजणार?

आणि मेंदूतही जास्त झालेलं चालत नाही. इतका बंदोबस्त कशाला, त्याचं उत्तर हे. एनएमडीए ग्राहक फार वेळ उघडा राहिला तर पेशीत कॅल्शियमचा पूर येतो. केळीच्या बागेत पाणी साचून राहिलं की मुळं कुजतात, खोड उभं दिसतं आणि एक दिवस आडवं होतं. चेतापेशीचंही तसंच होतं. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटलेल्या भागात ग्लुटामेट बेसुमार सुटतं आणि पेशी या पुरात मरतात. ज्या उंदरांत सेरीन रॅसिमेज नाही, त्यांच्या मेंदूचं अशा वेळी कमी नुकसान होतं असं दिसलंय. एएलएस नावाचा स्नायू दुबळे करत नेणारा आजार आहे, त्याच्या उंदरांमधल्या नमुन्यात पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत डी-सेरीन वाढलेलं आढळलं. या आजाराच्या एका कुटुंबात तर २०१० साली त्या पान्याच्याच जनुकात बिघाड सापडला. म्हणजे एकाच रेणूची टंचाई एका आजाराशी आणि मुबलकता दुसऱ्याशी नातं सांगते. असा रेणू अंदाजाने ओतायचा नसतो.

मेंदूबाहेरची गोष्ट तिला थोडक्यातच सांगितली, कारण तोवर बहिणीचा चहा आला होता. मूत्रपिंड बिघडत चाललं की रक्तातलं डी-सेरीन वाढतं, त्यामुळे ते मूत्रपिंडाच्या आजाराची खूण म्हणून वापरता येईल का, यावर जपानमध्ये बरंच काम चालू आहे. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये सेरीन रॅसिमेज आहे. हाडं आणि कूर्चा बनवणाऱ्या पेशींतही डी-सेरीन सापडतं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांमध्ये हे एन्झाइम आहे. २०१० साली तैवानमधल्या हान चिनी लोकांत मधुमेहाशी नातं असलेल्या जनुकांचा शोध घेतला, तेव्हा त्यांत याच एन्झाइमचा जनुक आला. तेव्हा फक्त मेंदूकडे पाहून चालणार नाही.

आतड्याची गोष्ट मात्र मला जास्त विचार करायला लावते. २०२० साली जपानी संशोधकांनी दाखवलं की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या काही पेशी सेरीन रॅसिमेजचा उपयोग सेरीन उलटवण्यासाठी नव्हे, तर त्याचं ते दुसरं काम करण्यासाठी करतात. सेरीनपासून पायरुव्हेट बनवायचं आणि ते वाढीसाठी वापरायचं. चेतापेशी एका हाताने काम करून घेते, कर्करोगाची पेशी दुसऱ्या हाताने. उद्या या एन्झाइमला रोखणारं औषध आलं, तर ते कर्करोगावर उपयोगी पडेलही, पण मेंदूत पोहोचू नये याची काळजी घ्यावी लागेल. हे मी भाचीला सांगितलं नाही, तिला त्याची गरज नव्हती.

तिला गरज होती ती दुसऱ्या एका गोष्टीची. ब-६ जीवनसत्त्वाचं ऐकल्यावर तिचे डोळे चमकले. "मग केळी? केळीत असतं ना ते?" असतं. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण ०.४ मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमच्या आसपास. आमची बाग तापीकाठी, चोपडा तालुक्यात, घरात केळ्याची फणी कधी संपत नाही. पण ज्याला ब-६ पुरेसं मिळतंय त्याने दहा केळी जास्त खाल्ली म्हणून सेरीन रॅसिमेज दहापट पळत नाही. रिकामा खिळा भरला की भरला, त्यावर दुसरी टोपी टांगता येत नाही. मात्र जेवणाची आबाळ झालेल्या माणसाला केळ, डाळ, दाणे, भाकरी वेळेवर देणं हे काही कमी काम नाही, आणि दादाचं जेवण अनियमित झालंय हे तिनेच मला सांगितलं होतं.

संध्याकाळी तिने डब्याचं ते पान बंद केलं. मग वहीतलं एक पान फाडून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून घेतले. गोळ्यांनी आवाज थांबले पण उत्साह आला नाही, हे आपण त्यांना स्पष्ट सांगितलंय का? मात्रा जास्त आहे म्हणून तो असा सुस्त आहे, की हा आजाराचाच भाग आहे? बोलतं करायला, कामात गुंतवायला समुपदेशन कुठे मिळेल? एखाद्या सरकारी किंवा विद्यापीठाच्या रुग्णालयात नव्या औषधाची रीतसर चाचणी चालू असेल, तर त्यात भाग घेता येतो का, आणि आधी मूत्रपिंडाची तपासणी होईल का? शेवटचा प्रश्न तिचा तिनेच घातला.

बाहेर झोका मोकळा झाला होता. भाचा शेतातून आला, हातपाय धुतले आणि कुणी न सांगता जाऊन झोक्यावर बसला. बहिणीने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि भाचीला खूण केली. ती कागद घडी घालून उठली आणि त्याला मागून झोका द्यायला गेली.